भीती काढलेला बैल

माणगावला मी संमोहन-उपचार करते. माणसांवर. परीक्षेची धास्ती, लिफ्टची भीती, काही केल्या न सुटणारी तंबाखू. त्यामुळे धाकट्या दिरांनी गावाहून फोन करून "वहिनी, बैलावर चालंल का तुमचं?" असं विचारलं, तेव्हा मी आधी हसले आणि मग चिडले. सासरी माझ्या कामाला 'झोपवायचा दवाखाना' म्हणतात. वाटलं, त्यातलीच थट्टा.

थट्टा नव्हती. त्यांचा शर्यतीचा बैल मनाने खचला होता. आदल्या वर्षी किनाऱ्यावरच्या शर्यतीत ओल्या वाळूत छकड्याचं चाक निखळलं, बैल जुवाखाली अडकून फरपटला, आणि हाकणारा भाड्याचा गडी त्याला उठवायला पराणीने, खिळा ठोकलेल्या आखूड काठीने, टोचतच राहिला. जखमा भरल्या. पण लाटांचा आवाज आला की बैल थरथरायचा, कुणाच्या हातात काठी दिसली की उभ्या उभ्या मुतायचा.

"औंदा पळाला तर ऱ्हाईल," दीर म्हणाले. "न्हायतर घाटावरचा यापारी बोलावलाय."

न पळणारा बैल पुढे कुठे जातो, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. मला संताप आला. स्वतःच्या पोरांच्या दुधात पाणी घालून या माणसाने बैलाला अंडी चारली होती. आणि आता त्याच्याच तोंडी विकायची भाषा!

तरी गेले. जनावराला खरंच संमोहन होतं का, यावर आमच्यातच दुमत आहे, आणि बैलाला 'खांदे सैल सोडा' सांगण्याइतकी मी खुळी नाही. मी एवढंच केलं. तो रवंथ करत असताना शेजारी बसायचं, शिंगांच्या मध्ये तळवा ठेवायचा आणि श्वास सोडताना लांब हुंकार द्यायचा. रविवारी मी, एरवी दीर. त्यांना आधी लाज वाटायची, मग सवय झाली. हळूहळू हुंकार ऐकला की बैलाचे कान ढिले पडायला लागले, आणि उभा असला तर तो खाली बसायला लागला. मग हेच गोठ्याबाहेर, मग सुरूच्या बनात, मग वाळूवर. शेवटी दीर पराणी घेऊन अगदी जवळून गेले तरी त्याचा रवंथ थांबला नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. पण भीती होती म्हणून तो काठीपासून लांब सरकायचा, आणि ती तर मी काढून घेतली होती. उद्या कुणी मारलं तर?

शर्यतीच्या सकाळी किनाऱ्यावर ही गर्दी. नियमाने काठीला बंदी असते. तरी कुणाच्या बाहीत काय असतं ते विचारू नये. या वेळी दीर स्वतः हाकणार होते. जोडी रेषेवर उभी राहिली. शेजारच्या छकड्याचं चाक करकरलं आणि आमच्या बैलाच्या पायांना कापरं भरलं. मला दिसलं, दिरांनाही दिसलं. ते खाली उतरले, पुढे आले, शिंगांमध्ये तळवा ठेवला.

"भावोजी, नको!" मी ओरडले. पण त्यांचा हुंकार देऊन झाला होता.

बैल बसला. भर रेषेवर, जुवासकट. जोडीदाराची मान वाकली, लोकांनी धावत येऊन त्याला सोडवलं. निशाण पडलं, बाकीचे छकडे वाळू उडवत निघून गेले, आणि आमचा बैल डोळे मिटून रवंथ करत राहिला.

"वहिनीनं झोपवला रं!" कुणीतरी ओरडलं. लोक पोट धरून हसायला लागले.

दिरांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी बाहीतून पराणी काढली. मी धावले, पण वाळूत पाय रुतत होते. त्यांचा हात वर गेला. बैलाने डोळे उघडून त्या हाताकडे पाहिलं आणि कपाळ पुढे केलं. त्याला वाटलं, तळवा येतोय.

मला रडू फुटलं. "मारू नका. त्याला आता मारणं कळतच नाही."

हात तसाच वर राहिला, मग खाली आला. दीर बैलाशेजारी वाळूत बसले. लोक पांगले तरी उठले नाहीत. शेवटी मीच विचारलं, "व्यापाऱ्याला काय सांगायचं?"

"टेंपोत चढताना त्यो भिनार," ते म्हणाले. "मंग मलाच कपालावर हात ठेवावा लागंल. आनि माज्यावर इस्वास ठेवून त्यो चढंल बी." मग मान हलवत म्हणाले, "माज्यानं न्हाय व्हनार, वहिनी."