दरसालचा कोल्हा

मंगरू माझा नवरा. जिता होता तवा मी कधी त्याचं नाव घेतलं नाई. आता घेते, कोन रागावते? नवेगाव बांधच्या अलीकडं आमचं गाव. गावच्या तलावाचं तुडूम, म्हंजे पानी सोडायचं भोक, उघडायचा मान तीन पिढ्या त्याच्याच घरी. तो गावाचा पानकर.

जर्मनच्या पहिल्या लढाईनंतर त्याचं पोट बिघडलं. शहरात मिशनच्या दवाखान्यात दोन महिने राहिला अन् ख्रिस्ती होऊन आला. मंग मीही झाली. नवरा झाला म्हनून झाली, खोटं कायले बोलू!

त्याच साली पान्यानं दगा देल्ला. धान पोटरीवर आलेला, बांध्यांना, म्हंजे धानाच्या वावरांना, भेगा. तुडूम उघडायच्या आधी पानकराच्या घरचा कोंबडा तलावाच्या बांधावरच्या, पाळीवरच्या देवीले पडे, अशी रीत. मंगरू म्हने, "पानी सोडतो. कोंबडा देनार नाई."

गावचे पटेल उदाराम समजूतदार मानूस. म्हनाले, "कापू आमी. तू फक्त घरून दे गा."

"घरून देल्लं म्हंजे मीच देल्लं."

कोंबड्याबिगर उघडलं तर पाळ फुटते, असं सारं गाव माने. दुसरा कोनी तुडमाले हात लावाले तयार नाई. तीन दिवस तसेच गेले. मंगरू जेवेना. मले म्हने, "शामकला, बरोबर करून राहिलो का मी?"

माझं डोस्कंच फिरलं. "मले काऊन विचारता? तुमच्या प्रभूले विचारा!"

"विचारून राहिलो. तो बोलून नाई राहिला."

चौथ्या दिवशी विहिरीवर सुभद्राबाईनं वाळलेला धान माझ्या तोंडापुढं धरला. "काय वो, तुह्या देवाले लेकरंबाळं नाईत का?" मले रडू आलं. तिची पोरं माझ्याच अंगनात खेळत.

दुपारी मंगरू बांधीत गेला होता. मी लाल कोंबडा पदराखाली घेतला अन् उदारामकडं गेली. "मंगरूनं पाठवला?" त्याहीनं विचारलं. मी मान डोलावली. तोंडानं खोटं बोलली नाई, येवढंच. अन् म्हनाली, त्याच्यापुढं कोंबड्याचं नाव काढू नोका.

सांजेले उदाराम आले. "चाल मंगरू, सोड पानी." कोंबड्याची गोष्टच नाई. मंगरू ढसाढसा रडला. मले म्हने, पाह्य, प्रभूनं गावाचं मन वळवलं.

तवापासून वीस-बावीस वर्सं दर रविवारी प्रार्थनेत उभा राहून तो हीच साक्ष देई. मी बाजूले बसून आमेन म्हने. अन् दर अश्विनात माझा एक कोंबडा कोल्हा नेई. मी त्याले तसंच सांगे. तो "बरं" म्हने अन् खुराड्याचं दार नवं बसवून देई.

गेल्या उन्हाळ्यात तो खाटेले लागला. एक दिवस पानी पाजत होती, तर माझा हात धरून म्हने, "शामकला, हा कोल्हा दरसाल पानी सोडायच्या दिवशीच काऊन ये वो?"

बापा रे! मी लोटा परत त्याच्या ओठाले लावला. त्यानं डोळे मिटले, अन् दोन दिवसांनी गेला.

त्याले कवापासून ठाऊक होतं? पहिल्याच सालापासून? मंग तो साक्ष कायची देई, अन् मी आमेन कोनाले म्हनत होती? कोनी कोनाले फसवलं, मले काही समजत नाई.

आता पानकरी पुतन्याकडं आहे. उद्या पानी सोडायचं, कोंबडा तयार ठेव, असा उदारामचा निरोप आला. खुराड्याचं दार उघडून मघापासून बसली आहे. हात आत जाऊन नाई राहिला.