बंद दुकानांचे बोर्ड सांभाळणारे यादवरावजी

आधी सगळ्यांची विचारपूस करतो, मग सत्काराकडे वळतो. तुमसरच्या कापडवाल्या बापूंचा दमा या थंडीत कसा आहे? भंडाऱ्याच्या हॉटेलवाल्या अनसूयाबाईंचे गुडघे काय म्हणतात? पवनीच्या फोटो स्टुडिओवाल्या हमीदभाईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले का? माझे म्हणाल तर चालले आहे, दोन पायऱ्या चढलो की बसावेसे वाटते. आपली सगळ्यांची दुकाने बंद झाली, आणि सगळ्यांचे निऑनचे बोर्ड साकोलीला एकाच माणसाच्या घरी आहेत. त्या यादवरावजींना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत.

त्यांची-माझी खरी ओळख माझ्या दुकानाच्या शेवटच्या आठवड्यात झाली. साकोलीच्या बसस्टँडजवळ माझे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. हात थरथरू लागला, बारीक काम होईना, म्हणून बंद करायचे ठरवले. बोर्ड हौसेने नागपूरहून करून आणलेला, लाल नळीची अक्षरे. भंगारवाला म्हणाला, पत्रा नेतो, काच तुम्हीच फोडून द्या. मी हातोडी शोधत होतो, तेवढ्यात समोर भाड्याने सायकली देणारे यादवरावजी रस्ता ओलांडून आले. तोवर आमचे बोलणे रामरामापुरतेच होते.

"काहून फोडता जी? माह्याजवळ राहू द्या. पाहावंसं वाटलं का या, मी लावून दाखवीन."

विकत मागितला नाही, फुकटही मागितला नाही. ठेव म्हणून ठेवून घेतला. पुढे प्रत्येकाला त्यांनी हाच शब्द दिला.

बापूंचा बोर्ड त्यांनी तुमसरहून धानाच्या ट्रकमधून आणला, तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात गुंडाळून. स्वतः मागे पोत्यांवर बसले, बोर्ड मांडीवर. ड्रायव्हरने पुढे बसा म्हटले तर म्हणाले, खड्डा आधी मले लागू दे. नळीतला वायू गेला की एस.टी.ने नागपूर गाठायचे, कारागिराच्या दारात दिवसभर बसून राहायचे आणि भरून आणायचे. बोर्ड सायकलींच्या शेडमध्ये मावेनात तशा भाड्याच्या सायकली उन्हात आल्या. टायर तडकले, गिऱ्हाईक कमी झाले. त्यांच्या घरच्या सुभद्रावहिनी बोलत, पण बोलता बोलता बोर्डांवरची धूळही त्याच पुसत.

अनसूयाबाई दरवर्षी यजमानांच्या पुण्यतिथीला बोर्ड पाहायला येतात. एकदा त्या आल्या म्हणून यादवरावजींनी त्यांचा 'हॉटेल'चा बोर्ड ओट्यावर आणून लावला. हायवेवरचा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर सरळ आत येऊन बाजेवर बसला आणि त्याने चहा मागितला. वहिनी म्हणाल्या, "घ्या, बोर्ड तुम्ही लावता अन् चहा मले मांडा लागते."

यादवरावजी काही बोलायच्या आत अनसूयाबाई गुडघे धरत उठल्या आणि चुलीपाशी गेल्या. ड्रायव्हर चहा पिऊन, कपडा झटकून, साखर बरोबर पडली म्हणाला आणि निघून गेला. इथे हॉटेल नाही हे त्याला कोणी सांगितले नाही. त्या वर्षी बाई रडल्या नाहीत.

आता जे लिहितो ते गौरवलेखात बसत नाही. यादवरावजींच्या धाकट्या मुलाला, प्रकाशला, नोकरी लागली नाही, त्याला त्या शेडमध्ये आटाचक्की टाकायची आहे. यादवरावजींनीच हो म्हटले. चक्की येऊन मामाकडे पडली आहे, पण शेड भरलेली. तरी पोरगा बापाला एका शब्दाने दोष देत नाही. मध्यंतरी नागपूरचे एक हॉटेलमालक शोभेसाठी सगळे बोर्ड न्यायला आले होते, त्यांना यादवरावजींनी परत पाठवले. मागच्या महिन्यात भेटलो तेव्हा फडके हातात घेऊन नुसते बसले होते.

म्हणाले, "थकलो जी आता. पण ज्याचा त्याले न इचारता कसा देऊ? अन् तुमचा घेऊन जा, असं कोणत्या तोंडानं म्हणू? शब्द देऊन बसलो."

ते म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणतो. शाल-श्रीफळ देऊच, पण त्यांच्या खांद्यावर शाल टाकायची तर आधी त्या खांद्यावरचा आपला भार उतरवू या. प्रत्येकाने आपला बोर्ड घरी न्यावा. मी बैठकीतली एक भिंत मोकळी केली आहे, पुढच्या बाजाराला माझा नेतो. ज्यांना जागा नाही त्यांचाही माझ्या बोर्डाशेजारी मावेल. हे वाचून यादवरावजी माझ्यावर रागावतील, रागावू देत.

त्यांना भरपूर आयुष्य लाभो, पाठ ताठ राहो, आणि दिवेलागणीला आपल्याच ओट्यावर रिकाम्या हातांनी बसायचे सुख मिळो. बापू, अनसूयाबाई, हमीदभाई, तुम्ही तिघांनी काय ठरवले ते मला पत्राने कळवा. लवकर लिहा. प्रकाश अजून थांबला आहे.