खिशातली बाटली

कुलूपकाकांचा विश्वास फक्त पितळेवर. बाकीच्या जगाकडे ते डोळे बारीक करूनच बघत. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. कोणी घाबऱ्या घाबऱ्या आलं, "काका, दार लागलं, किल्ली आत राहिली," की यांचा पहिला प्रश्न, "घर तुमचंच कशावरून?" सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी एकदा शेजाऱ्याची साक्ष आणायला लावली होती. मेव्हण्याने बोलणं टाकलं. काका काकूंना म्हणाले, "बघ, एवढं झोंबलं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय."

अपवाद एकच, भुंग्या. दुकानाच्या पायरीवर पसरलेला म्हातारा काळा कुत्रा. त्याला फिट यायच्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी लावून दिलेली गोळी काकू सकाळ-संध्याकाळ न चुकता देत, आणि त्या गोळीवर त्याचं बरं चाललं होतं.

मग भुंग्या सुस्तावला. हाक मारली तरी मान उचलेना. चालायला लागला की झोकांड्या. खाणंही टाकलं.

काकांनी लगेच तपास हाती घेतला. आधी काकू. "तू विसरतेस आणि परत देतेस गोळी."

"तुमचा एक टोमणा विसरले नाही आजवर, त्याची गोळी विसरेन?"

मग औषधवाला. त्याने माल बदलला असणार, म्हणून काकांनी गोळी हुंगून पाहिली, कुलूप हलवून बघावं तशी कानाशीही हलवली. शेवटी डॉक्टरीणबाई. "हिनेच जास्त लावलीय. कुत्रा आजारी, तर दवाखाना जोरात. उद्यापासून गोळी बंद!"

काकू हबकल्या. "आणि फिट येऊन गेला म्हणजे? आधी बाईंना विचारू, मग काय करायचं ते करा." काका धुसफुसत तयार झाले.

संशय आला नव्हता तो फक्त स्वतःच्या खिशावर. खिशात एक छोटी बाटली होती, सीबीडी तेलाची. भुंग्याचे मागचे पाय दुखतात म्हणून काकांनी ती प्राण्यांच्या खाऊच्या दुकानातून आणली होती. गांजाच्या जातीच्या झाडाचं तेल, पण नशा नाही, दुखणं पळतं, असं दुकानदार म्हणाला होता. आणि मग हळूच, "डॉक्टरांना सांगू नका हं. त्यांच्या पोटावर पाय येतो ना!" काकांना माणूस एकदम पटला. आपल्यासारखाच कोणावर विश्वास न ठेवणारा! तेव्हापासून दुकानाच्या पायरीवर, काकूंच्या नकळत, ते थेंब तळहातावर घेत आणि भुंग्या चाटून टाकी. काकू फेकून देतील म्हणून बाटली घरी ठेवायची सोय नव्हती.

दोघं भुंग्याला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासलं आणि कपाळाला आठी घातली. "यकृतावर ताण दिसतोय. गोळीशिवाय दुसरं काही देता?"

"छे!" काका म्हणाले.

"मग गोळीच बदलावी लागेल. बदलताना फिट उसळू शकते. या वयात मला भीती वाटते, पण दुसरा मार्ग दिसत नाही."

भुंग्या फरशीवर पडल्या पडल्या काकांच्या चपलेवर हनुवटी टेकवून होता. काकांचा हात खिशात गेला, तिथेच अडकला, आणि मग बाटली टेबलावर आली.

बाईंनी ती उलटसुलट केली. "तेल यकृतातच पचतं, गोळीही तिथेच. दोघांची गर्दी झाली की गुंगी चढते, यकृत थकतं. काहींना तेल चालतं, पण कोणत्या औषधाबरोबर, किती, ते आम्हाला ठरवू द्या. रक्तावर नजर ठेवावी लागते. हे थांबवा. गोळी मात्र एकदाही चुकवू नका. काही दिवसांनी पुन्हा तपासू." मग बाटलीवर बोट ठेवलं. "आत तेल किती, दुसरं काय, धड लिहिलेलंसुद्धा नाही. विकणाऱ्याला विचारलंत काही?"

मेव्हण्याकडे साक्ष मागणाऱ्या माणसाने त्या खाऊच्या दुकानदाराला साधं एक अक्षर विचारलं नव्हतं. काकूंनी टोमणाही मारला नाही, आणि तेच काकांना जास्त लागलं.

संध्याकाळी काकूंनी गोळी दिली. भुंग्याने ती गिळली आणि झोकांड्या खात काकांपाशी आला. सवयीने त्यांचा तळहात नाकाने उलटा केला आणि चाटू लागला. हातात काही नव्हतं. तरी तो चाटत राहिला. या हाताने काय दिलं, हे त्याने कधीच हुंगून पाहिलं नव्हतं.

काकांनी हात मागे घेतला नाही. भुंग्याच्या डोक्यावर कपाळ टेकवून ते ओक्साबोक्शी रडले.