माझ्या निधनाची बातमी

म्हैसूरच्या आमच्या शाळेत नववीच्या मुलांना खोट्या वेबसाइट ओळखायला शिकवायचं काम माझ्याकडे आहे. त्या दिवशी मी म्हटलं, जे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहून माहीत आहे, असं काहीतरी शोधा. कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, दुसरीकडे तेच सापडतं का, एवढं तपासा.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं माझंच नाव शोधलं. थोड्या वेळानं तिनं हात वर केला आणि पडद्याकडे बोट दाखवलं. मी जाऊन पाहिलं. पडद्यावर स्नेहसंमेलनातला माझा फोटो होता आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, की या लाडक्या शिक्षिकेचं नुकतंच निधन झालं.

मी हसले. मुलं हसली नाहीत.

"मिस, मी दुसरीकडेही बघितलं," ती म्हणाली. "सगळीकडे तेच आहे."

खरंच होतं. मीच शिकवल्याप्रमाणे ताडून पाहिलं, तर मी मेले होते. जवळ बसलेली एक मुलगी टेबलावरच्या माझ्या हाताकडे टक लावून बघत होती.

मग आम्ही मिळून नीट वाचायला घेतलं. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. गाव नाही, आजार नाही, घरचं माणूस नाही. 'तिच्या हसण्यानं सारी खोली उजळून जायची' हे वाक्य मात्र प्रत्येक ठिकाणी होतं. त्याच वेबसाइटवर परदेशातल्या एका ट्रक ड्रायव्हरच्या बातमीतही तेच वाक्य, आणि पाळण्यातच गेलेल्या एका बाळाच्याही. कुणी वारलं की लोक त्याचं नाव शोधतात. त्यांना जाहिराती दाखवायला कुणीतरी यंत्राकडून हे लिहून घेतं, असं मी समजावलं. मुलांचे चेहरे सैल झाले.

त्या मुलीचा झाला नाही. "मग वारलं कोण, मिस?"

तिनं कन्नडमध्ये शोधलं. म्हैसूरजवळच्या टी. नरसीपूरच्या एका शाळेच्या पानावर दोन ओळींचा शोकसंदेश निघाला. नाव माझंच, आडनावासकट. आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातली बाई, शिक्षिकाच. मरण तिचं होतं. यंत्रानं त्याला चेहरा माझा लावला होता.

संध्याकाळी घरी आले तर आईच्या कानाला फोन. बेळगोळ गावची मावशी ती बातमी पाहून रडत होती. "अगो, ती समोरच उभी आहे," आई सांगत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. नंतर कितीतरी दिवस, मी दुसऱ्या खोलीत गेले की ती हाक मारायची. काय गं, म्हणून विचारलं तर सांगण्यासारखं तिच्याकडे काही नसायचं.

रविवारी मी त्या शाळेकडून पत्ता घेऊन टी. नरसीपूरला गेले. का, ते मलाही धड सांगता आलं नसतं. दार त्या बाईच्या यजमानांनी उघडलं. मी कोण ते सांगावं लागलं नाही. ते चौकटीला धरून उभेच राहिले, मग आत या म्हणाले. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. रुंद कपाळ, जाड चष्मा. माझ्याशी कुठेच साम्य नव्हतं.

"लांबची माणसं फोनवर तुमचा फोटो बघून भेटायला येतात," ते म्हणाले. "आणि हिच्याकडे बोट दाखवून विचारतात, इवरु यारु? ह्या कोण?"

नातेवाइकांना पाठवायला त्यांनी माझा आवाज रेकॉर्ड करायचं ठरवलं. नाव सांगा आणि फोनवरच्या फोटोतली बाई मी, मी जिवंत आहे म्हणा, एवढंच. मी नाव घेतलं. पण त्या घरात, त्या फोटोसमोर, ते नाव माझं वाटेना. पुढचं वाक्य म्हणता आलं नाही. ते फोन धरून थांबले. पुन्हा नाव घेतलं, पुन्हा अडले. शेवटी मी भिंतीकडे पाठ केली, तेव्हा कुठे ते वाक्य निघालं.

मुलांनी सगळ्या वेबसाइटना लिहिलं. एकीनं पान काढलं, बाकीच्यांचं उत्तरच नाही. यजमानांचा मात्र निरोप आला, की आता घरी येणारे भिंतीवरच्या फोटोकडे बघून 'ह्या कोण' असं विचारत नाहीत.