माणिकअण्णांच्या होडीचं छत

किस्से साठतात, कारण ऐकणारं कुणी उरत नाही. पूर्वी आमच्या गॅरेजात दुपारच्या चहाला एक किस्सा सांगून संपेपर्यंत दुसरा घडायचा. आता गॅरेज बंद आहे. मौलाभाई लेकीकडे जहिराबादला राहायला गेलाय आणि इथं गावात, कमठाण्यात मी एकटाच. आलाच आहात तर बसा जरा. सगळे किस्से एकाच होडीचे आहेत.

*

आमचं काम लॉरी-टेम्पोच्या बॉड्या बांधायचं. मी सुतार, मौलाभाई वेल्डिंग आणि फायबर बघायचा. एक दिवस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चक्क शिडाची होडी आली! जुनाट, इवलीशी केबिन असलेली. होडीत माणिकअण्णा बसलेले. अण्णांनी तीस वर्षं हैदराबादच्या एका क्लबात होड्यांची देखभाल केली. क्लबाने ही होडी मोडीत काढली, ती अण्णांनी धरणात चालवायला म्हणून गावी आणली. वर्षभर ती त्यांच्या अंगणातच पडून होती.

मौलाभाईने होडीला पूर्ण फेरी मारली.

"इंजिन किधर है अण्णा?"

"इंजिन न्हाई. वाऱ्यावर चालती."

मौलाभाईने वाकून होडीच्या खालीही पाहिलं. "हौ. फिर बिगडी तो पकडना किसकू?"

*

अण्णांना केबिनचं छत उंच करून हवं होतं. अण्णा स्वतः पाच फूट. आत टोपी घालून उभे राहिले तरी वर जागा उरायची.

"मग कामून वाढवायलाव अण्णा?" मी विचारलं. "तुमाला हाय तेच लई झालं की!"

"विजूचं डोकं आपटलं."

विजू म्हणजे अण्णांचा एकुलता एक मुलगा, बेंगळूरूला कंपनीत. अक्का, म्हणजे अण्णांची बायको, गेल्यापासून अण्णा घरात एकटे. विजू दिवाळीला अर्धा दिवस आला, तेव्हा अण्णांनी मोठ्या हौसेने त्याला अंगणातल्या होडीत नेलं आणि छताची पट्टी खाडकन त्याच्या कपाळावर बसली. "अप्पा, इथं माणसाला उभंसुद्धा राहता येत नाही!" असं म्हणत तो बाहेर आला, तो थेट गाडीत जाऊन बसला.

"उभं राहायला आलं असतं तर थांबला असता," अण्णा म्हणाले. आम्ही दोघं कामाला लागलो.

*

विजूची उंची किती, हे अण्णांना ठाऊक नव्हतं. फोन केला तर विजू मीटिंगमध्ये. दुसऱ्या दिवशीही मीटिंगमध्ये. आठ दिवसांनी मेसेज आला. त्यात एवढंच होतं: १८२.

"ये क्या है? गाडी का नंबर?" मौलाभाई म्हणाला.

अण्णांना मात्र कोण आनंद! गॅरेजात येईल त्या गिऱ्हाइकापुढे ते फोन धरायचे. "पोराचा मेसेज आलाय, बगा!" लोक तीन आकडे वाचायचे आणि छान आहे म्हणायचे. मला त्या वेळी फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

*

टेप लावला तर मीही १८२ सेंटीमीटर निघालो. म्हणजे माप आयतंच सापडलं! ग्राइंडरने छत चहूबाजूंनी कापलं, जॅक लावून डब्याच्या झाकणासारखं वर उचललं, मध्ये प्लायवूडच्या पट्ट्या भरून वरून फायबरचा थर ओढला. मी आत उभा राहिलो. वर ऐसपैस जागा!

मग पायाखालच्या फळ्या बसवल्या. लॉरीचं माप आम्ही कायम चेसिसवरून, म्हणजे खालच्या सांगाड्यावरून धरतो, फळ्या नंतर येतात. हाताला तीच सवय. होडीच्या फळ्या बाहेर उन्हात वाळत होत्या आणि आम्ही माप धरलं थेट तळापासून! फळ्यांवर उभा राहिलो तर माझं टाळकं छताला टेकलं.

अण्णांनी खालून वरपर्यंत पाहिलं. "फळ्या काढून ठेवल्या तर चालंल का? तो काय रोज थोडीच उभा राहनारय."

आम्ही सगळं पुन्हा कापलं.

*

शिडाच्या खालच्या कडेला एक आडवा दांडा असतो. वारा फिरला की तो केबिनवरून इकडून तिकडे जातो. लॉरीच्या टपावरून असलं काही फिरत नाही, त्यामुळे ते आमच्या डोक्यात आलंच नाही. अण्णांच्या डोक्यात विजूशिवाय काही नव्हतंच. होडी पहिल्यांदा पाण्यात घातली, धरणात मधोमध पोचलो, वारा फिरला आणि दांडा नव्या छतावर धाडकन आपटून अडकला. होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली.

"ब्रेक एकदम मजबूत है!" मौलाभाई कठडा घट्ट धरून म्हणाला.

वल्ही मारत काठाला आलो. दांडा डोलकाठीवर वर सरकवला आणि मंडपवाल्या टेलरकडून शीड तेवढं आखूड करून आणलं.

*

आमच्या पेंटरने लॉरीच्या सवयीने होडीच्या पाठीवर पिवळ्या अक्षरांत "आवाज दो" लिहून टाकलं. अख्ख्या धरणात दुसरी होडी नाही! मी पुसायला रॉकेलचं फडकं घेतलं.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "कुनी तर हाक मारंल."

*

काम संपलं त्या संध्याकाळी अण्णांनी मला केबिनमध्ये उभं केलं आणि स्वतः समोरच्या बाकावर बसले.

"आता काय करू अण्णा?"

"काई नगं करू. उगं उभा ऱ्हा. मी बगतो कसं दिसतंय ते."

अर्धा तास उभा होतो. पाय भरून आले, पण हललो नाही. माझी तरी घरी कोण वाट बघत होतं!

*

आणि मग विजू खरंच आला! अण्णांनी केबिन झाडली, सतरंजी अंथरली. मौलाभाई आणि मी धरणाच्या काठावर, होडीला लागूनच थांबलो. केबिनचं दार ठेंगणंच होतं, म्हणून विजू वाकून आत शिरला. आत गेल्यावरही तो वाकलेलाच राहिला. मान खाली, एक हात कपाळावर. डोक्यावर वीतभर जागा मोकळी.

"सरळ हो की रे," अण्णा म्हणाले. "लागत न्हाई आता."

"हो अप्पा, ठीक आहे." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वाकूनच तो फोनवर बोलला, वाकूनच छान झालंय म्हणाला आणि दहा मिनिटांत बाहेर पडला. त्याची गाडी बांधावरून दिसेनाशी झाली.

अण्णा केबिनमध्ये उभे होते. वर बघत होते. टाचा उंचावून त्यांनी छताला हात लावायचा प्रयत्न केला, तो पोचला नाही. मग त्यांनी मला हाक मारली.

"आनखीन चार बोटं वाढंल का रं?"