साक्ष दिल्यावर गोळी

जामसरच्या ख्रिस्ती मंडळीत चंद्रकला भोयेबद्दल चार बरे शब्द बोलणारं माणूस मिळायचं नाही. मंडळीबाहेर तर त्याहून नाही. गावातले म्हणतात, ही बाई दुःखातली घरं हेरते आणि माणसं बाटवते. मंडळीतले म्हणतात, हिचा विश्वास थिटा, देवाच्या आधी गोळीचं नाव घेते. नाशिकच्या एका शिबिरात एका मोठ्या डॉक्टरनं तिला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, की बाई, पेशंटकडे जाताना प्रार्थना घरी ठेवून जात जा. तिनं विचारलं, "पेशंट त्याचा देव घरी ठेवून येतो का?" आणि दुपारचं न जेवताच एसटीत जाऊन बसली. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. या बाईचं माशाशी, पाण्याशी आणि काठावर बसलेल्यांशीही वैर होतं.

तिचं माहेर सूर्यमाळचं. लग्न होऊन जामसरला आली आणि पोरबाळ व्हायच्या आत नवरा भिवंडीकडच्या वीटभट्टीवर तापानं गेला. त्यानंतर ती बोलायची थांबली. जेवायची थांबली. कोपऱ्यात बसून भिंतीकडे बघायची. सासऱ्यानं भगत आणला. त्यानं सुपात तांदळाचे दाणे पाहिले, कोंबडं मागितलं, दंडाला गंडा बांधला. कोंबडं गेलं, चंद्रकला कोपऱ्यात ती कोपऱ्यातच. शेवटी कोणीतरी तिला मिशनच्या एका दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथली एक म्हातारी नर्स रोज तिच्याजवळ यायची, गोळी द्यायची, हात हातात घेऊन बसायची आणि तोंडातल्या तोंडात प्रार्थना करायची. पुढं चंद्रकला बरी झाली. गोळीनं झाली, हातानं झाली की प्रार्थनेनं, हे तिला कधीच ठरवता आलं नाही. ज्याला हे ठरवता येतं तो एकतर लबाड असतो नाहीतर पास्टर, असं ती म्हणायची, आणि पास्टर समोर असला तर जरा मोठ्यानं म्हणायची.

बरी झाल्यावर तिनं बाप्तिस्मा घेतला आणि एका ख्रिस्ती संस्थेचा समुपदेशनाचा कोर्स केला. तिथं सरांनी फळ्यावर तीन गोल काढले: शरीर, मन, आत्मा. गोल एकमेकांत अडकवून सर म्हणाले, या मधल्या जागेत आपलं काम. हिनं हात वर केला. "सर, बाईची सासू कुठल्या गोलात घालायची?" वर्ग हसला. सरांनी डस्टर उचलला. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं, कारण आमच्या पाड्यांवर रोग्याच्या आधी त्याचं घर भेटतं.

त्या कोर्समधून तिनं घ्यायचं ते घेतलं. माणसाचं आधी ऐकायचं. आवाज ऐकू येतात म्हटलं तर ते सैतानाचे की डोक्यातले, या वादात पडायचं नाही. आवाज काय सांगतात ते विचारायचं. मग जीपमध्ये घालून जव्हारच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, गोळ्या चालू करायच्या. आणि प्रार्थना शेवटी, तीही त्या माणसानं मागितली तरच, त्याच्या घरच्या बोलीत आणि त्याच्याच तोंडून. मंडळीच्या तुळशीदास पास्टरची रीत याच्या अगदी उलटी. तो डोक्यावर हात दाबायचा आणि हिंदीत ओरडायचा, "निकल जा." मुंबईकडे रोजगाराला असताना तो हे शिकून आला होता. सैतानाला मराठी कळत नाही असं त्याला का वाटायचं, देव जाणे.

तुळशीदास नात्यानं तिचा चुलत दीर. म्हणून मंडळीत ती त्याला पास्टर म्हणायची आणि बाहेर सरळ अरे-तुरे. माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. दाभोशाची जयवंती बाळंतपणानंतर बिथरली, पोराला नदीत सोड असे आवाज तिला यायला लागले, तेव्हा शेजारीपाजारी दार लावून बसले होते. तुळशीदास भर पावसात चालत गेला आणि ती शांत होईपर्यंत तिच्या दारात बसून राहिला. दुसऱ्या दिवशी चंद्रकला गेली आणि तिला दवाखान्यात घेऊन आली.

गोळ्या लागू पडल्या. आवाज आधी लांब गेले, मग थांबले. जयवंतीनं रोजची एक प्रार्थना मागितली, ती चंद्रकलानं तिलाच जुळवायला सांगितली. तिनं जुळवली ती अशी: "देवा, आज मना पोराला आंघोळ घालू दे." कारण तिची सगळी भीती पाण्याची होती. पोर हातात आणि पाणी समोर, एवढं झालं की तिचे हात लटपटायचे. पुढं एक दिवस तिनं पोराला न्हाऊ घातलं, तेव्हा सासू रामी दारात उभी राहून रडली.

मग तुळशीदासनं तिची साक्ष लावली. आमच्या मंडळीत साक्षीला फार मान. बरं झालेलं माणूस रविवारी पुढं उभं राहतं, देवानं काय केलं ते सांगतं, आणि भगताचे गंडेदोरे, ताईत, जे काही अंगावर असेल ते काढून मेजावरच्या ताटात टाकतं. टाकलं की टाळ्या, गाणं. साक्ष चालू असताना मधे कोणी बोलायचं नाही, हा तुळशीदासचाच नियम. जयवंतीनं गंडा टाकला. साक्ष संपल्यावर तुळशीदासनं रीतीप्रमाणे, टाकायला आणखी काही आहे का, असं विचारलं तेव्हा तिनं कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची पाकिटंही काढून टाकली. अख्खी मंडळी उठून उभी राहिली. चंद्रकला त्या रविवारी मोखाड्याला एका पेशंटकडे गेली होती. साक्ष झाल्याचं कानावर आलं तेव्हा तिला बरंच वाटलं. ताटाचं तिला कोणी सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला दाभोशाला गेली तर दगडावर रामी पोराला न्हाऊ घालत होती. जयवंती ओट्याच्या पार टोकाला, दोन्ही हात काखेत दाबून बसलेली.

"तू का न्हाऊ घालतेस गं?" तिनं रामीला विचारलं.

"तिला सर्दी हाय," रामी नजर न उचलता म्हणाली.

चंद्रकला जयवंतीशेजारी बसली. "परत ऐकू येतं?"

जयवंतीनं मान डोलावली.

"गोळ्या कुठं आहेत?"

"ताटात टाकल्या. साक्ष दिली ना मी, ताई. आता गोळी खाल्ली तर देवाला खोटा पाडला असा होईल. आणि सगळ्यांसमोर मी पण खोटी."

चंद्रकलानं समजावलं, रागावली, हात जोडले. जयवंती नाही म्हणून मान हलवत राहिली. रामी तर म्हणाली, "माझी सून बरी झालेली तुम्हाला बघवत नाय." त्यावर चंद्रकला जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिथून ती तडक तुळशीदासकडे गेली. तो अंगणात लाकडं फोडत होता.

"गंडा आणि गोळी एका ताटात टाकायला तुला कोणी सांगितलं रे?"

"मी नाही सांगितलं, वहिनी. तिनं आपणहून टाकल्या."

"आणि तू उचलून परत दिल्या नाहीस."

"साक्षीत टाकलेलं परत द्यायचं? त्या साक्षीनंतर दोन घरं मंडळीत आली. आता त्यांना काय सांगू, देवानं अर्धंच बरं केलं?"

"पोर नदीत गेलं तर काय सांगशील?"

तुळशीदासनं कुऱ्हाड खाली ठेवली. "मी तिच्या दारात पावसात बसलो होतो. तुम्ही नंतर आलात. मला तिची काळजी नाही असं म्हणू नका."

"काळजी आहे. अक्कल नाही."

"तुमचा विश्वास थिटा आहे, वहिनी. आजवर एकदा तरी साक्ष दिलीत का?"

हे मात्र खरं होतं. इतक्या वर्षांत ती साक्षीला कधी उभी राहिली नव्हती. लोक म्हणत, गर्व. गर्वबिर्व काही नव्हता. नर्सनं चालू केलेली गोळी ती अजून रोज घेत होती. एकदा तिनं सोडून पाहिली होती आणि पुन्हा त्या कोपऱ्यात जाऊन बसली होती. ही गोष्ट मंडळीत कोणाला माहीत नव्हती, गावात तर नाहीच. बाहेर पडलं असतं तर लोकांनी एकच म्हटलं असतं, स्वतःच वेडी, ती दुसऱ्याला काय शहाणं करणार. मग कोणी तिला दारात उभं केलं नसतं, आणि या कामावाचून तिला दुसरं आयुष्यच नव्हतं.

घरी जाऊन तिनं प्रार्थना केली. प्रार्थना कसली, भांडणच. तू बरं करतोस तर नीट कर, आणि माझ्यावर ढकलायचं असेल तर तसं सांग, असं ती देवाला म्हणाली. आणि आमेन न म्हणताच उठली.

रविवारी गाणं संपलं आणि चंद्रकला उठली. "साक्ष द्यायची आहे." तुळशीदासचा चेहरा उजळला; वहिनी वळणावर आली असं त्याला वाटलं असावं. तिला पुढं बोलावून त्यानं सगळ्यांना शांत बसायला सांगितलं. जयवंती मधल्या रांगेत होती, पोर रामीच्या मांडीवर.

"देवानं मला बरं केलं," चंद्रकला म्हणाली. लोक आमेन म्हणाले. "आणि ते तो रोज करतो. सकाळी प्रार्थना करून मी गोळी खाते. वेडाचीच गोळी. मिशनच्या दवाखान्यातून सुरू झाली, अजून चालू आहे. सोडली तर मी भिंतीकडे बघत बसते, मला माहीत आहे. आजची राहिलीय."

तिनं कमरेची पिशवी सोडली, पाकिटातून गोळी काढली, पास्टरच्या मेजावरचा तांब्या उचलला आणि सगळ्यांदेखत गिळली. तुळशीदास पुढं सरकला. त्याचे ओठ हलले, पण नियम त्याचाच होता.

"गंडा ताटात टाका," ती म्हणाली. "गोळी टाकू नका. आता मी गोळी खाते म्हणून देव मला सोडून गेला, असं ज्याला वाटतं त्यानं हात वर करावा."

पहिला हात रामीचा. मग मागून एक, पुढून दोन. मग इतके झाले की बघायची गरज उरली नाही. तुळशीदासनं घाईघाईनं गाणं सुरू केलं. चंद्रकला जागेवर येऊन बसली तेव्हा शेजारच्या बाया लांब सरकून बसल्या. तिला कमालीची लाज वाटत होती.

भीत होती तसंच झालं. पोरं तिला बघून डोळे फिरवून दाखवू लागली. ओळखीच्या घरांनी दारं लावली. जिच्यातर्फे ती काम करायची त्या ख्रिस्ती संस्थेनं निरोप धाडला की तूर्त विश्रांती घ्या. तुळशीदास रस्त्यात भेटला की मान खाली घालून जायचा, पण एक मात्र त्यानं केलं: साक्षीच्या ताटात पुन्हा गोळ्या घेतल्या नाहीत.

आणि मंगळवारी जयवंती जीपच्या थांब्यावर आली. आपणहून. जव्हारच्या दवाखान्यातून दोघींनी पुन्हा गोळ्या आणल्या. त्यानंतर चंद्रकला दर आठवड्याला दाभोशाला जायची. जयवंती तिच्यासमोर गोळी गिळायची, तोंड आ करून जीभ दाखवायची आणि आत निघून जायची. चहा नाही, पाणी नाही. रामी तर तोंड फिरवूनच बसायची.

एके दिवशी चंद्रकला पोचली तेव्हा दगडावर जयवंती बसली होती. पोर तिच्या पायांवर, डोक्यावर साबणाचा फेस. हात लटपटत नव्हते. पोर ओरडत होतं, ती पाणी ओतत होती. चंद्रकला कुंपणाशीच थांबली. पोराला पुसून पदरात गुंडाळल्यावर जयवंतीनं मान वर केली.

"मना जन्मात कोणी टाळ्या नव्हत्या वाजवल्या," ती म्हणाली. "सगळी मंडळी उभी राहिली होती. तुम्ही ती साक्ष मोडलीत."

"मोडली," चंद्रकला म्हणाली.

"गोळी मी घेईन. दवाखान्यात पण जाईन, माझी मी. तुम्ही आता येऊ नका."

चंद्रकलाला लागलं. आजवर कोणाच्या बोलण्याचं लागलं नव्हतं इतकं लागलं. जायच्या आधी ते ओलं पोर एकदा घ्यावं असं तिला फार वाटत होतं. तिनं मागितलं नाही, आणि जयवंतीनंही दिलं नाही.