मायनस अठरातले मोदक

कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलेलं काही खराब होत नाही म्हणतात. किस्सेही होत नाहीत, हा माझा अनुभव! महाडच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी डिस्पॅच बघते. उकडीचे मोदक, अळूवड्या, घावणे असला माल गोठवून खोक्यांत भरला की तो वेळेवर बाहेर काढायचा, हे माझं काम. संध्याकाळी पोलादपूरला घरी पोहोचले की वहिनी पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी विचारते, "आज काय झालं?" कारण रोज काहीतरी झालेलंच असतं.

त्यातले सगळ्यात भारी किस्से आमचा पहिला कंटेनर दुबईला जायचा होता तेव्हाचे. आमचे मालक दिलीपशेठ आधी लग्नाच्या पंगती करायचे. त्यांनी सगळ्यांना बोलावून सरळ सांगून टाकलं होतं, की मोदक गणपतीआधी दुबईत पोहोचून पास झाले तर कारखाना बारा महिने चालेल. नाहीतर मी परत पंगतींना आणि तुम्ही सगळ्या घरी. तरी गमती काही थांबल्या नाहीत.

*

पहिला मान संजयचा. हा कोल्ड रूममध्ये खोकी रचतो. राहतो सव गावात, म्हणजे घराजवळ गरम पाण्याचे झरे आणि नोकरी मायनस अठरात. एकदा भर मे महिन्यात ड्युटी संपवून तो तसाच एसटी स्टँडवर गेला. अंगात जाड जॅकेट, हातमोजे, डोक्याला कानटोपी. सगळं महाड घामाने निथळतंय आणि हा असा उभा! गाडीत चढल्यावर लोक घाबरून बाजूला सरकले. एका आजीने तर उठून जागा दिली आणि ताप किती आहे म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, अरे, लक्षात आल्यावर जॅकेट काढायचं तरी.

"काढतो कशाला? अख्खं बाकडं मिळालं होतं."

*

आमचे अकाउंटंट कुलकर्णीसाहेब अतिशय शिस्तीचे. मे महिन्यात रोज दुपारी जेवण झालं की ते स्वतः कोल्ड रूममध्ये जाऊन स्टॉक मोजतात. फार काटेकोरपणे मोजतात, बाहेर यायचं नाव घेत नाहीत. मधेच आकडा चुकतो, मग परत पहिल्यापासून.

डिसेंबरात मी एकदा म्हटलं, साहेब, या महिन्यात स्टॉक मोजायचा राहिलाय. त्यांनी शाल नीट लपेटून घेतली.

"असू दे. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

*

मोदकांच्या लाइनवर राज्य विमलकाकींचं. काकी नाते गावच्या. त्यांच्या हातच्या मोदकाच्या कळ्या बघत राहाव्यात अशा असतात आणि जिभेला तिखट लावलेलं असतं. आमच्याकडे नियम असा, की प्रत्येक घाण्यातला एक मोदक क्वालिटीच्या मुलीने खाऊन बघायचा. काकींना ते मान्यच नव्हतं. गणपतीचे मोदक आणि नैवेद्याआधी उष्टे? शेवटी क्वालिटीच्या टेबलावर गणपतीचा फोटो आला. आधी बाप्पाला दाखवायचं, डोळे मिटायचे, मग चव घ्यायची. तेव्हापासून आमच्या मालाची तपासणी दोन पातळ्यांवर होते.

मग दुबईहून विचारणा आली, की माल किती टिकेल. शेठ ऐटीत म्हणाले, दीड वर्ष. काकी मागेच उभ्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

"आमचा गणपती दीड दिवसाचा, आन् मोदक दीड वर्साचा?"

*

कंटेनरच्या आधी एक चाचणी होती. थोडा माल थंड गाडीतून मुंबईच्या एजंटकडे पाठवायचा. सोबत एक चिमुकलं यंत्र असतं, ते खोक्यांमध्ये बसून वाटभर तापमान टिपत राहतं. त्याचा आलेख बघूनच एजंट ठरवणार होता, की आम्ही मोठा कंटेनर पाठवण्याच्या लायकीचे आहोत की नाही. गाडीबरोबर संजयला पाठवलं.

संध्याकाळी एजंटचा फोन. महाडपासून मुंबईपर्यंत तापमान सदतीस! शेठ खुर्चीत बसले ते उठेचनात. एजंट म्हणत होता, मोदक तर दगडासारखे आहेत, मग हे काय? एवढं तर माणसाच्या अंगाचं तापमान असतं. शेठनी फोन संजयला द्यायला लावला.

"मानसाचंच हाय शेठ, माझं. येवढ्या थंडीत मशीन बिघडंल म्हनून खिशात घेऊन बसलो होतो."

एजंट इतका हसला, की त्याने दुसरी चाचणी घ्यायचं कबूल केलं. या वेळी यंत्र खोक्यांत आणि संजय महाडात!

*

आणि मग तो दिवस उजाडला. पांढराशुभ्र कंटेनर गेटवर. काकींनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ ओवाळला. निघणाऱ्याला आपल्याकडे कुणी 'जा' म्हणत नाही, म्हणून सगळ्या बायांनी प्रेमाने निरोप दिला, "जाऊन ये रे बाबा."

दुसऱ्या दिवशी तो परत आला!

बंदरावर त्याचं थंड करायचं यंत्र बंद पडलं होतं. दाराजवळची खोकी गेली, बाकी माल वाचला. शेठनी धावपळ करून दुसरा कंटेनर मिळवला. पण आता गणपतीआधी पोहोचणारी एकच बोट उरली होती. ही चुकली की सगळं संपलं, हे सगळ्यांना माहीत होतं. यंत्राचं कारण काकींना मात्र पटलं नाही.

"आपनच बोललो ना त्याला जाऊन ये. आला बिचारा."

काकींनी हुकूम काढला, की या खेपेला कुणी 'ये' म्हणायचं नाही. दुसरा कंटेनर भरला, गाडी सुरू झाली, आणि गेटवर उभ्या सगळ्या बाया एका सुरात ओरडल्या, "जा! परत येऊ नको!"

गाडी थांबली. इंजिन बंद झालं. ड्रायव्हर बबनराव पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. ते खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"काय चुकलं माझं? वैऱ्याला पन असं कोन बोलत नाय."

असल्या शब्दांवर गाडी हलवणार नाही, हे त्यांनी ठामपणे सांगितलं. शेठ हात जोडतायत, कुलकर्णीसाहेब परंपरेचा अर्थ समजावतायत, आणि बोट काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. शेवटी काकी दही-साखर घेऊन पुढे गेल्या, बबनरावांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "दादा, तुम्ही या." मग मागे जाऊन कंटेनरच्या दारावर थाप मारली. "तू जा." बबनरावांनी ते दोन्ही नीट ऐकलं आणि मगच किल्ली फिरवली.

बोट मिळाली. चतुर्थीच्या सकाळी शेठच्या फोनवर दुबईहून व्हिडिओ कॉल आला. एका फ्लॅटमध्ये छोटासा गणपती आणि पुढे ताटात आमचे मोदक, वाफाळलेले. तिथला व्यापारी म्हणाला, माल पास, पुढचा कंटेनर दिवाळीला. काकी फोनला नाक लावून कळ्या निरखत होत्या. "ही माझीच हाय," एवढंच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन. बबनराव आता घरचेच झाले होते, टेम्पो त्यांनीच चालवायला घेतला. मागे बाप्पा, भोवती गुलालाने माखलेल्या आम्ही सगळ्या. सावित्री नदीच्या घाटाकडे टेम्पो निघाला आणि बाया बेंबीच्या देठापासून ओरडल्या, "पुढच्या वर्षी लवकर या!"

टेम्पो थांबला. बबनरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काकी, आधी नक्की सांगा. यायचं कुनी आन् जायचं कुनी?"